तुंब्यातल्या सव्वीस गोळ्या

मुखरूला कोणी 'बसा' म्हटलं की त्याचं टकुरं सरकायचं. अन् गेल्या पाच महिन्यांत गावानं त्याला दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

भाऊ, बसा. बाबा, उन्हात काऊन उभे, बसा. लग्नात गेला तर लोक खुर्ची घेऊन मागं मागं. एकदा तर तो लोटा घेऊन आडोशाला चालला होता, तर शेजारचं पोट्टं पाट घेऊन धावलं. मुखरूनं तोच पाट त्याच्यावर फेकला. नेम चुकला म्हणून बरं.

चंद्रपूर जिल्ह्यात, सावली गावाच्या अलीकडचं त्याचं गाव. ढिवरांची पन्नास घरं, अन् घरांच्या मागं मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव. या तलावात कोणता खड्डा कुठं, मरळ कुठल्या मुळाशी दडते, रोहू कोणत्या महिन्यात कोणत्या काठाला येतो, हे मुखरूला जसं माहीत तसं दुसऱ्या कोणाला नाही. बाकीचे जाळं टाकायचे. मुखरू आधी पाण्यात उभा राहायचा, पायाखालचा चिखल चाचपायचा, मग म्हणायचा, 'इथी नाई. तिथी.' अन् तिथंच मासा निघायचा.

नऊ वर्षांपूर्वी नागपूरला त्याचं बायपास झालं होतं. डाव्या पायाची शीर काढून छातीत लावली. घोट्यापासून मांडीपर्यंत अजून अशी शिवण दिसते, जशी गोम चढून राह्यली पायावर. नऊ वर्षं मजेत गेली. गेल्या डिसेंबरात अंगणात लाकडं फोडता फोडता त्यानं छाती धरली. चंद्रपूरला नेलं. नळी घालून पाहिलं तर छातीत लावलेली पायाची शीर आतून बुजलेली. डॉक्टरनं तिच्यात स्प्रिंग टाकली अन् घरच्यांना समोर बसवून सांगितलं, "ही शीर पायाची आहे. हृदयातल्या जोराच्या रक्ताची तिला सवय नसते, म्हणून ती खराब होत जाते. स्प्रिंग टाकली तरी पुन्हा बुजायची भीती आहेच. या दोन गोळ्या रक्त पातळ ठेवतात. वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

एक गोळी पिवळी, एक गुलाबी. रोज सकाळी आठला, भाकर खाल्ल्यावर.

गोळ्यांचं काम सुनेनं घेतलं. ज्योत्स्ना, निकेशची बायको. गावची आशा ताई. टीबीच्या पेशंटांना समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावणारी. बुधू नावाचा एक बेरकी गडी गोळी गालात दाबून ठेवायचा अन् ती वळली की थुंकायचा. ज्योत्स्नानं त्याला चार दिवसांत पकडलं. तेव्हापासून भर चौकात, "आ करा बुधूभाऊ. जीभ वर. आता इकडचा गाल," असं चालायचं. सगळी आळी हसायची. मुखरू सगळ्यात जास्त.

पण सासऱ्याला कोणती सून म्हणेल, तोंड उघडा? ज्योत्स्ना डोक्यावर पदर घ्यायची, एका हातात पाण्याचा गिलास, दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या. मुखरू गोळ्या तोंडात टाकायचा तेव्हा ती अदबीनं दाराकडं पाहायची. मग रिकामा गिलास घेऊन आत जायची अन् कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. पाच महिने, एक खूण चुकली नाही.

मार्चमध्ये बिघडलं. मुखरू 'जरा पाळीवर बसून येतो' म्हणून तलावाच्या बांधावर गेला अन् पाण्यात उतरला. मागूर माशाला कल्ल्याजवळ काटा असतो, तो अंगठ्यात घुसला. ढिवराला काटा लागणं म्हणजे काय, रोजचंच. चिखल लावायचा, विसरायचं. पण त्या दिवशी रक्त थांबेच ना. दुपारपर्यंत दोन दुपट्टे भिजले. पोचू, त्याच्याच आळीतला, वयानं निम्मा अन् तोंडानं दुप्पट, म्हणाला, "मुखरूभाऊ, तुमच्यात नळ बसवला का जी डॉक्टरनं? तोटी बंद कराले विसरला वाटते!"

सगळे हसले. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव हसले नाहीत. ते म्हणाले, "मुखरू, यापुढं तू पाळीवर बस अन् बोटानं दाखव. पान्यात नको."

बोटानं दाखव! मासा काय दुकानात मांडलेला असते, बोटानं दाखवाले?

त्या दिवशी त्यानं आपल्यापुरता कायदा केला. ज्या दिवशी जाळं, त्या दिवशी गोळी नाही. गोळी नाही तर रक्त घट्ट, रक्त घट्ट तर कोणाला कळायचं कारण नाही. गोळ्या तोंडात टाकायच्या, पाणी प्यायचं, ज्योत्स्ना दाराकडं पाहत असली की ओल्या गोळ्या मुठीत. पण मुठीतल्या टाकायच्या कुठं? अंगणात टाकल्या तर कोंबड्या टिपतील. तलावात टाकाव्या, तर माशाच्या रक्ताचं काय होईल कोण जाणे. त्याचं स्वतःचं काहीही होवो, तलावात असला कचरा तो टाकणार नव्हता. मग त्याला वळचणीला टांगलेला तुंबा दिसला. त्याच्या बापाचा. वाळलेला पोकळ भोपळा, पूर्वी कमरेला बांधून पोहायचे तो. आता सगळे प्लास्टिकचे डबे बांधतात. तुंब्याच्या तोंडाला चिंधीचं बूच होतं. गोळ्या आत गेल्या. हा भोपळा आता कोण काढतो.

मार्च-एप्रिलमध्ये जाळं मोजून दोनदा पडलं. काहीच झालं नाही. मे महिन्यात तलावाचं पाणी उतरलं अन् महाजाळ सुरू झालं. महाजाळ म्हणजे सोळा गडी धरून ओढतात असं लांब जाळं, या काठापासून त्या काठापर्यंत. अकरा दिवस ओळीनं चाललं. तिसऱ्या दिवशी मुखरूला पुन्हा काटा लागला. चिमूटभर चिखलात रक्त बंद. पोचू पाहतच राहिला. मुखरूला असं वाटलं, जसं त्यानं डॉक्टरालाच जाळ्यात धरलं. छाती दुखत नाही, रक्त सांडत नाही. मग या गोळ्या कशाच्या? माणसाले खुर्चीवर बसवाच्या!

अकराव्या दिवशी सकाळी नऊला, कमरेइतक्या पाण्यात, त्याच्या छातीवर कोणीतरी टोंगळा ठेवला, गुडघा रोवावा तसा.

टोंगळा ठेवला अन् दाबतच गेला. डावा हात बधिर. मुखरूच्या हातात जाळ्याचा खालचा दोर होता. तो सोडला की जाळं उचलणार अन् पंधरा जणांची मेहनत खालून पळून जाणार. सोडता येईना, धरता येईना. 'दुखते' म्हणून ओरडावं तर उद्यापासून पाळ. समोर काठ वीस पावलांवर होता. त्यानं दात आवळले अन् दोर धरून वीस पावलं चालला. ती वीस पावलं त्याच्या सगळ्या आयुष्यात सगळ्यात लांब होती.

काठाला मासे फडफडायला लागले तेव्हा तो खाली बसला. स्वतःहून.

पोचूनं वळून पाहिलं. "भाऊ, तोंड काऊन असं पांढरं पडलं?"

"तुया बापाचं पांढरं..." मुखरू म्हणाला, पण शिवी पुरी झाली नाही. तेवढ्यानं पोचू समजला. मुखरूभाऊची शिवी अर्धी राहत नसते. तो गावाकडं पळत सुटला.

एकशेआठची गाडी अर्ध्या तासात आली. गाडीतल्या तरुण डॉक्टरानं छातीला तारा लावल्या, कागद पाहिला, चार गोळ्या चावायला दिल्या. मुखरूनं त्या अशा चावल्या, जसे चणे. बाजूला ज्योत्स्ना बसली होती, मांडीवर फाईल. निकेश मोटारसायकलनं मागं.

"रोजच्या गोळ्या सुरू होत्या का?" डॉक्टरानं विचारलं.

"एकही दिवस चुकला नाही सर," ज्योत्स्ना म्हणाली. "मी आशा आहे. मी स्वतः उभी राहून देते." तिनं मोबाईल काढला. कॅलेंडरचा फोटो काढून आणला होता तिनं. महिन्यामागं महिना, बरोबर, बरोबर, बरोबर.

मुखरूनं डोळे मिटले.

मूल गाव मागं पडलं, जंगल लागलं अन् गाडी थांबली. पुढं गाड्याच गाड्या. ड्रायव्हर खाली उतरून पाहून आला. "वाघीण हाय जी. दोन पिल्लं घेऊन रोडावरच बसली."

"सायरन वाजवा ना!" ज्योत्स्ना ओरडली.

"वाजवला तं उठून इकडं येईन ते. मोटारसायकलवाले हायेत पुढं. फॉरेस्टवाल्याइले फोन केला."

पुढच्या जीपमधले लोक छतावर चढून मोबाईल धरून उभे होते. एसी गार वारा सोडायचा सोडून नुसता घरघर करत होता. मुखरू पट्ट्यानं बांधलेला, तोंडावर ऑक्सिजन. छातीवरचा टोंगळा अजून तिथंच. असं बांधून तर बकरासुद्धा नेत नाहीत.

ज्योत्स्नानं त्याचा हात धरला. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिनं कधी सासऱ्याचा हात धरला नव्हता. हात गार होता तिचा. "मामाजी, घाबरू नका. आपून तं एक दिवस चुकवला नाई. मंग काऊन झालं असन? माह्यंच का चुकलं? वेळ मागंपुढं झाली का माह्यी?"

आता सांग, मुखरूनं स्वतःला म्हटलं. तोंडावरचा मास्क त्यानं थोडा सरकवला.

"ज्योत्स्ना..."

"बोलू नका मामाजी." तिनं मास्क परत बसवला.

तो पुन्हा सरकवू शकला असता. नाही सरकवला. सांगितलं तर हिचं काय होईल? गावभर लोकांची तोंडं उघडून पाहणारी, अन् घरातला म्हातारा तिच्या नाकाखाली दीड महिना थुंकत होता. बुधू चौकात नाचेल. अन् नाही सांगितलं तर ती जन्मभर घड्याळ आठवत बसेल. दोन्हीकडून जाळंच, अन् ते विणलेलं त्यानंच.

पंधरा-वीस मिनिटांनी वाघीण उठली, अंग झाडलं अन् निघून गेली. तिला कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

चंद्रपूरला त्याला सरळ आतल्या खोलीत घेतलं. ज्योत्स्ना अन् निकेश दाराबाहेर राहिले. खोली अशी थंड की बाहेर मे महिना आहे हे खोटं वाटावं. अरुंद टेबल, जांघेतून घातलेली नळी, अन् वरच्या पडद्यावर त्याचंच काळीज हलत होतं. डॉक्टर तेच, डिसेंबरातले.

पडद्यावर काळी धार सुटली, थोडी पुढं गेली अन् थांबली.

"स्प्रिंगमध्येच बंद," डॉक्टर म्हणाले. "काका, गोळ्या चालू होत्या ना?"

"हो."

डॉक्टर बाजूच्या पोरसवदा डॉक्टराकडं वळले. "पाच महिन्यांत, दोन्ही गोळ्या चालू असताना बंद झाली. म्हणजे ही शीरच कामातून गेली. हिच्यात अजून स्प्रिंग टाकून उपयोग नाही. जुनी मूळची नस उघडायला बघू." मग वाकून मुखरूला म्हणाले, "तुमची मूळची नस दगडासारखी झालीय काका. तिच्यातून रस्ता काढायचा म्हणजे दोन तास लागतील, आणि निघेलच असं नाही. धोका आहे. गोळ्या चुकल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. मग ती नुसती रक्ताची गाठ असती, ओढून काढली असती."

मुखरू वर पाहत राहिला. त्याला तलावाचं तुडूम आठवलं. पाणी सोडायचं जुनं दगडी दार. एका वर्षी ते बुजलं. सगळे म्हणाले आतला दगड ढासळला. भर उन्हात दोन दिवस पाळ खोदली, नवा रस्ता काढायला. शेवटी मुखरूनं बुडी मारली अन् आतून काय ओढून काढलं तर फाटकी सतरंजी. कोणीतरी टाकली होती. ज्यानं टाकली तो त्या दोन दिवसांत पाळीवर उभा राहून पाहतच असेल, अन् चूप असेल. मुखरूनं त्याला, नाव माहीत नसताना, आठवडाभर आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या.

"डॉक्टरसाहेब."

"बोला. दुखतंय?"

"गाठच असन ते. मी गोळ्या घेतल्या नाई. अकरा दिवस ओळीनं. त्याच्या आधी दोन दिवस."

डॉक्टरांची नजर पडद्यावरून त्याच्यावर आली.

"सूनबाई तर म्हणत होत्या..."

"तिले मालूम नाई. मी थुकून देत होतो." मग घाईघाईनं, "तिले सांगू नका जी. तिचा कसूर नाई."

डॉक्टरांनी कपाळावर आठ्या घातल्या, तोंडावर मास्क होता तरी डोळ्यांत राग दिसला. "कमाल आहे तुमची! मला फाईलमध्ये लिहावंच लागेल. पुढं जो कोणी बघेल त्याला खरं कळायला नको?" पण हात थांबले नव्हते. "नळी बदला. आधी गाठ ओढू."

ओढली. नळीतून काळपट लाल तुकडे आले, मसुराएवढे. मग फुगा फुगवला, अन् तेव्हा छातीवरचा टोंगळा उठायच्या ऐवजी सगळ्या अंगानिशी बसला. मुखरूच्या तोंडून आवाज फुटला. "कचरा खाली सरकलाय, असल्या शिरेत होतं असं," डॉक्टर कोणाला तरी सांगत होते. "औषध द्या. अजून द्या." हात बांधलेले, पाय सरळ, हलायचं नाही. पडद्यावर काळी धार अडून अडून चालली होती. मुखरू फक्त तिच्याकडं पाहत होता. पळायला पाणीसुद्धा नव्हतं.

मग हळूच धार सरकली. टोंगळा एका कडेनं उचलला.

"चालू झाली," डॉक्टर म्हणाले. आवाजात आनंद बेताचाच होता. "हृदयाचा खालचा भाग थोडा मार खाऊन बसलाय. किती सुधारतो ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. शीर दोन वर्षं चालेल, पाच चालेल, सांगता येत नाही. पण पुन्हा गोळ्या थुंकल्या तर महिनाही चालणार नाही. नशीब, बोललात."

तिसऱ्या दिवशी वॉर्डात ज्योत्स्नानं फाईल वाचली. बाकी लोक फाईल नुसती पिशवीत ठेवतात. आशा ताई वाचते. मुखरू भिंतीकडं तोंड करून पडला होता, पण कान तिकडं. पान उलटलं. पान परत मागं उलटलं.

"कुठी टाकल्या?" तिनं विचारलं.

"तुंब्यात."

रडली असती, ओरडली असती, तर मुखरूला ओरडता आलं असतं. तिनं फाईल बंद केली, पिशवीत ठेवली अन् त्याला मोसंबी सोलून दिली.

घरी आल्या आल्या तिनं वळचणीचा तुंबा काढला, हलवला. आत खडखड वाजलं. अंगणात सुपात ओतला. एकमेकींना चिकटलेल्या पिवळ्या-गुलाबी गोळ्या. मुखरूची बायको कमळा स्वयंपाकघरातून पाहायला आली अन् कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं माय! मी म्हनो, या मानसाच्या दुपट्ट्याले गुलाबी डाग कशाचे लागून राह्यले!" ज्योत्स्नानं मोजल्या. सव्वीस. मग कॅलेंडर काढून तेरा खुणा लाल पेनानं खोडल्या.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन चौकात गेली. बुधूला अन् बाकीच्या पेशंटांना बसवलं अन् स्वतःच सांगितलं, "माह्या घरी असं झालं. मी लाजलो अन् पाह्यलं नाई. आता कोनाचं पाह्याचं सोडनार नाई." मुखरूला हे कमळानं सांगितलं. त्याचं टकुरं असं सरकलं की तो खाटेवरून उठायला गेला. दम लागला. परत बसला.

जून लागायच्या आधीचं शेवटचं महाजाळ होतं. सकाळी आठ. अंगणातल्या खाटेवर मुखरू भाकर खाऊन बसलेला. रस्त्यानं गडी दोर खांद्यावर टाकून तलावाकडं चालले होते. गुणवंतरावांनी लांबूनच हात जोडले अन् चालायचा वेग वाढवला.

ज्योत्स्ना आली. एका हातात गिलास, दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या. पदर डोक्यावर होता, पण नजर दाराकडं नव्हती. सरळ त्याच्या तोंडावर.

त्यानं गोळ्या टाकल्या. पाणी प्यायला.

"आ करा मामाजी."

"बाई, लोक चालून राह्यले रस्त्यानं..."

"चालू द्या. आ करा."

त्यानं तोंड उघडलं.

"जीभ वर."

कुंपणापाशी पोचू थांबला. दोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "अरे वा मुखरूभाऊ! काय, दात मोजून राह्यले का जी? का आतमंदी मरळ दडली?"

मागचे गडी खिदळले. मुखरूच्या पोटातून एक शिवी उठली, चांगली लांब, पोचूच्या आज्यापर्यंत पोचेल अशी, अन् ती घशापाशी येऊन उभी राहिली. तोंड उघडंच होतं, पण जीभ वर होती.

"आता इकडचा गाल," ज्योत्स्ना म्हणाली.